पाहुणचार, रायशुमारी आणि मशवरा : आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या चर्चेत सामान्य नागरिकाचे स्थान

आंतरराष्ट्रीय सहकार्य हा विषय सर्वसाधारणपणे परराष्ट्र खाती, राजदूत आणि अर्थतज्ज्ञ यांच्या अखत्यारीतला समजला जातो. महाविद्यालयात तो राज्यशास्त्राच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरता येतो आणि तिथेच संपतो. गेल्या काही वर्षांत मात्र या चर्चेत सामान्य नागरिकाला सामील करून घेण्याची भाषा राष्ट्रसंघापासून जी-२० पर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागली आहे. ही भाषा प्रत्यक्षात कितपत उतरते, याची परीक्षा दूरच्या उदाहरणांवरून करण्याची गरज नाही. इंदूर शहराने सन २०२३ मध्ये जे अनुभवले तेवढे पुरेसे आहे.

त्या वर्षी ८ ते १० जानेवारीस सतरावा प्रवासी भारतीय दिवस इंदुरात साजरा झाला. सुमारे ७० देशांतून साडेतीन हजारांहून अधिक प्रतिनिधींनी नोंदणी केली होती; गयानाचे राष्ट्राध्यक्ष प्रमुख पाहुणे, तर सुरीनामचे राष्ट्राध्यक्ष विशेष सन्माननीय पाहुणे होते. लगोलग ११ व १२ जानेवारीस गुंतवणूकदारांची परिषद झाली. फेब्रुवारीत जी-२० देशांच्या कृषी प्रतिनिधींची पहिली बैठक येथे भरली आणि २० व २१ जुलै रोजी श्रम व रोजगार मंत्र्यांची बैठक झाली. जी-२० च्या भारतीय अध्यक्षपदाच्या काळात साठ शहरांत दोनशेहून अधिक बैठका झाल्या आणि संबंधित उपक्रमांत दीड कोटीहून अधिक लोक सहभागी झाले, असे शासनाने सांगितले. ‘जनभागीदारी’ हा त्या वर्षाचा परवलीचा शब्द होता. प्रस्तुत लेखात या शब्दाचीच छाननी करावयाची आहे.

या छाननीसाठी उर्दू व मराठीतील काही नेहमीचे शब्द उपयोगी पडतात. उर्दूत लोकमत आजमावण्याला ‘रायशुमारी’ म्हणतात. यातील ‘शुमारी’ म्हणजे मोजणी. मराठीतील ‘खानेसुमारी’ या शब्दात तीच दडलेली आहे. ‘मशवरा’ हा शब्द निराळा. अरबीतील ज्या धातूपासून ‘शूरा’, ‘मुशावरत’, ‘मुशीर’ हे शब्द आले त्याच धातूचा तो आहे, आणि कोशकार त्याचा संबंध पोळ्यातून मध काढण्याच्या क्रियेशी जोडतात. म्हणजे रायशुमारीत माणसे मोजली जातात, तर मशवऱ्यात माणसाजवळ जे आहे ते बाहेर काढले जाते. मराठीने ‘मसलत’ हा शब्द अरबी ‘मस्लहत’वरून घेतला, त्याचा मूळ अर्थ हित किंवा भले, आणि ‘खलबत’ घेतला ‘खल्वत’वरून, त्याचा मूळ अर्थ एकांत. ज्या भाषेने हित आणि एकांत हे दोन्ही शब्द विचारविनिमयासाठी उसने घेतले, तिला बंद दाराआडच्या चर्चेत कोणाचे हित पाहिले जाते, हा प्रश्न अगदीच नवा नसावा.

यजमान म्हणून नागरिक

प्रवासी भारतीय दिवसाच्या निमित्ताने इंदुरात ‘पधारो म्हारे घर’ ही मोहीम राबविण्यात आली. पाहुण्यांनी हॉटेलात न उतरता शहरातील कुटुंबांकडे उतरावे, अशी कल्पना होती. कुटुंबांनी घरे उघडली, मालवी जेवण रांधले, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली दाखवली. याची थट्टा करण्याचे कारण नाही. परक्या देशात वाढलेल्या माणसाला पोहे-जिलेबीच्या न्याहारीवर जे समजते ते परिषदेच्या पुस्तिकेतून समजत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण याच सोहळ्यात ९ जानेवारीस सभागृह अपुरे पडले. नोंदणी करून हजारो मैल आलेल्या अनेकांना आत जागा मिळाली नाही, बाहेरच्या पडद्यावर कार्यक्रम पाहावा लागला आणि मुख्यमंत्र्यांना व्यासपीठावरून क्षमा मागावी लागली. गोष्ट गैरव्यवस्थेची खरी. तथापि तिच्यातून व्यवस्थेचा स्वभावही दिसतो. घरात जागा भरपूर आणि सभागृहात कमी.

जी-२० च्या बाबतीतही नागरिकाचे काम याच स्वरूपाचे राहिले. रस्ते धुतले गेले, भिंती रंगल्या, राजवाड्यावर रोषणाई झाली, प्रतिनिधींना वारसास्थळे दाखविण्यात आली. महाविद्यालयांतून प्रश्नमंजूषा, निबंध, रांगोळी आणि घोषवाक्य यांच्या स्पर्धा झाल्या. या सर्वांत भाग घेणारा विद्यार्थी दीड कोटींच्या आकड्यात निश्चितच मोजला गेला असेल. परंतु श्रममंत्र्यांच्या बैठकीपुढे कोणता मसुदा आहे, त्याचा आपल्या घराशी काय संबंध, आणि त्याबाबत आपले काही म्हणणे असल्यास ते कोणापुढे मांडावे, या गोष्टी रांगोळी काढणाऱ्या विद्यार्थिनीला कोणी सांगितल्या नाहीत. दोष तिचा नव्हे, आणि परिपत्रकाबरहुकूम स्पर्धा घेणाऱ्या अध्यापकाचाही पूर्णांशाने नव्हे.

वस्तुतः सांगण्यासारखे बरेच होते. इंदूरच्या बैठकीत तीन धोरणपत्रे संमत झाली: जगभरातील कौशल्यांची तूट भरून काढण्याविषयी एक, गिग व प्लॅटफॉर्म कामगारांच्या सामाजिक सुरक्षेविषयी दुसरे, आणि सामाजिक सुरक्षेसाठी लागणाऱ्या पैशाच्या तरतुदीविषयी तिसरे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार सन २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असा अंदाज आहे. खजराना, चंदननगर किंवा आझादनगर भागातून महाविद्यालयात येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचे भाऊ पाठीवर पिशवी लावून मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोहोचवतात. काही विद्यार्थी स्वतःच वर्ग सुटल्यावर हे काम करतात. कौशल्यांच्या परस्पर मान्यतेचा प्रश्न तर आखातात वेल्डर, वीजतंत्री किंवा परिचारिका म्हणून जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक घराचा आहे. विषय त्यांचा होता, शहर त्यांचे होते, पण बैठकीशी त्यांचा संबंध बंद झालेल्या रस्त्यांपुरताच आला.

गिरणीच्या फाटकापाशी

येथे हुकमचंद मिलची आठवण होणे अपरिहार्य आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंदूर हे मध्य भारतातील कापडगिरण्यांचे शहर होते. मालवा मिल, हुकमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी या नावांवरून आजही शहरातील वस्त्या ओळखल्या जातात, आणि त्या वस्त्यांत मालवी, मराठी, उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहिली. हुकमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. कामगारांची देणी थकली, खटले चालले, अनेक कामगार निकाल पाहण्यापूर्वीच वारले, आणि उरलेल्यांच्या बैठका वर्षानुवर्षे मिलच्या फाटकापाशी भरत राहिल्या. वीस बड्या अर्थव्यवस्थांचे श्रममंत्री जुलै २०२३ मध्ये इंदुरात सामाजिक सुरक्षेवर विचार करीत होते तेव्हा त्याच शहरातील हे कामगार तीन दशकांनंतरही आपल्या पैशाची वाट पाहत होते. पुढे २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४८०० कामगारांच्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. त्याचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. प्रश्न एवढाच आहे की कारखाना बंद पडल्यावर कामगाराचे काय होते, याविषयी जगाला सांगण्याजोगे ज्ञान ज्यांच्यापाशी होते ते काही किलोमीटरवर असूनही त्यांना कोणी बोलावले नाही. त्यांच्यापाशी जमलेला अनुभवाचा मध तसाच राहिला.

यावर असे उत्तर देता येईल की कामगारांसाठी जी-२० मध्ये ‘लेबर-२०’ हा स्वतंत्र गट आहे, त्याच्या बैठका मार्चमध्ये अमृतसरला व जूनमध्ये पाटण्याला झाल्या, आणि त्याच्या शिफारशी मंत्र्यांपर्यंत पोहोचल्या. उत्तर चुकीचे नाही. पण त्या गटाचे अध्यक्षपद एका केंद्रीय कामगार संघटनेकडे ज्या रीतीने गेले त्यावर इतर दहा संघटनांनी आक्षेप घेऊन बहिष्कार टाकला होता. कोणती संघटना योग्य, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. प्रतिनिधी कोणी निवडावा, हा प्रश्न मात्र प्रस्तुत आहे, आणि तो आजचा नाही.

वॉशिंग्टन, १९१९

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची स्थापना १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने झाली. प्रत्येक देशाने परिषदेस चार प्रतिनिधी पाठवावेत, दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र मत असावे, अशी तिची रचना ठरली. ती आजही कायम आहे. सरकारचा प्रतिनिधी एकीकडे व त्याच देशाचा कामगार प्रतिनिधी दुसरीकडे मत देऊ शकतो, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय संस्थांच्या इतिहासात आजही विरळाच.

त्या वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या परिषदेस हिंदुस्थानचा कामगार प्रतिनिधी म्हणून गेले ते नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे सदस्य, १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालविणारे. त्यांच्या लायकीबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. पण ते स्वतः गिरणी कामगार नव्हते, आणि त्यांची नेमणूक सरकारने केली होती. गैरसरकारी प्रतिनिधी देशातील सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडावेत, अशी तहातील अट होती. तिला ‘अशा संघटना असल्यास’ अशी पुस्तीही होती. देशव्यापी कामगार संघटना नव्हतीच, त्यामुळे सरकारचा मार्ग मोकळा होता. या नेमणुकीवर टीका झाली, आणि कामगारांच्या वतीने बोलणारा माणूस कामगारांनीच पाठवावा या जाणिवेतून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष झाले. पुढे १९२५ मध्ये याच संघटनेचे सरचिटणीसपद जोशींकडे आले, हे त्यांच्याविषयी आणि संघटनेविषयीही पुष्कळ काही सांगून जाते.

या घटनाक्रमाकडे अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही, असे वाटते. दूरच्या परिषदेत एक खुर्ची ठेवली गेली, खुर्चीवर कोण बसणार यावरून भांडण झाले, आणि त्या भांडणातून देशात एक संस्था उभी राहिली. खुर्ची शोभेची असती तर तिच्यासाठी कोणी भांडले नसते. ती शोभेची नव्हती याचे कारण वॉशिंग्टनच्या निर्णयाला पुढे कायद्याचे रूप येणार होते. पहिल्याच कराराने आठ तासांचा दिवस मान्य केला; हिंदुस्थानसाठी मात्र दहाव्या कलमात साठ तासांच्या आठवड्याची वेगळी तरतूद ठेवली, आणि तदनुसार १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. यात गोऱ्या कामगाराचे आठ तास आणि काळ्याचे अधिक, हा भेद होताच. तरीही मुंबईच्या गिरणीतील माणसाचा दिवस वॉशिंग्टनच्या सभेमुळे काहीसा लहान झाला. इंदूरच्या गिरणीतील माणसाचा झाला नाही, कारण ते कलम ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते आणि संस्थाने त्याच्या कक्षेबाहेर राहिली. संस्थानी प्रजेच्या वतीने बाहेरच्या जगाशी बोलण्याचा अधिकार महाराजांचा. सन १९४२ मध्ये यशवंतराव होळकरांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून हिंदुस्थान व ब्रिटन यांच्यात अमेरिका, रशिया व चीन यांनी लवादी करावी असे सुचविले होते. कल्पना धाडसाची होती, हेतूही चांगला असेल. पण प्रजेला कोणी विचारले होते काय?

मोजणी आणि सल्ला

यानंतरचे टोकाचे उदाहरण म्हणजे राष्ट्रसंघाने आपल्या पंचाहत्तरीनिमित्त २०२० मध्ये केलेली जगव्यापी विचारपूस. पंधरा लाखांहून अधिक लोकांनी, १९५ देशांतून, तिच्यात भाग घेतला. ‘आम्ही लोक’ या शब्दांनी जिच्या सनदेची सुरुवात होते त्या संस्थेला लोकांना थेट विचारावेसे वाटले, हे स्वागतार्हच. उत्तरे मोलाची आली: आरोग्यसेवा, स्वच्छ पाणी, शिक्षण या मूलभूत सोयी आधी द्या, असे लोकांनी सांगितले. परंतु मुख्य प्रश्नावली एका मिनिटात भरून होणारी होती, आणि ती उत्तरे आधी लिहून ठेवलेल्या पर्यायांतून निवडावयाची होती. परीक्षेच्या कामात मुरलेल्या अध्यापकांना याची मर्यादा समजावून सांगण्याची गरज नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत विद्यार्थ्याला काय येते ते कळते, तो काय म्हणू इच्छितो ते कळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ५६ कृतींचा ‘भविष्यासाठीचा करार’ संमत झाला. त्यातील कोणती ओळ कोणत्या नागरिकाच्या उत्तरामुळे आली किंवा बदलली, हे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ही रायशुमारी होती, आणि रायशुमारी म्हणून ती वाईटही नव्हती. तिला मशवरा म्हटले जाते तेथे चूक होते. २०२१ च्या हवामान परिषदेच्या सुमारास सोडतीने निवडलेल्या शंभर सामान्य माणसांची जी जागतिक सभा दुभाष्यांच्या मदतीने भरली ती मशवऱ्याच्या अधिक जवळची. पण तिचे ऐकण्याचे बंधन कोणावर नव्हते.

भाषेचा मुद्दा येथे टाळता येत नाही. राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहाच आहेत. जून २०२२ मध्ये बहुभाषिकतेच्या ठरावात बांगला, हिंदी व उर्दू यांचा प्रथमच उल्लेख झाला तेव्हा आपल्याकडे आनंद व्यक्त झाला. तो उल्लेख माहितीच्या प्रसारापुरता होता. म्हणजे या भाषांतून ऐकता येईल, त्यांतून बोलण्याची सोय पूर्वी होती तेवढीच. जी-२० चा व्यवहार तर इंग्रजीतच चालतो. इंदूरला हा प्रश्न ओळखीचा वाटावा. गांधीजी १९१८ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये याच शहरात हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. नागरी व फारसी दोन्ही लिपींत लिहिली जाणारी, हिंदू व मुसलमान दोघांनाही कळणारी लोकभाषा त्यांना हवी होती, आणि राज्यकारभार जनतेला कळावा हा त्यामागचा हेतू होता. त्यांची भाषिक भूमिका सर्वांना पटली नाही आणि तिच्यावर पुष्कळ वाद झाले. पण जो मजकूर ज्याच्यासंबंधी आहे तो त्याला वाचता यावा, एवढी साधी अपेक्षा शंभर वर्षांनंतरही अपुरीच आहे.

तीन दिवसांनंतर जयपुरात

इंदूरची बैठक २१ जुलै २०२३ रोजी संपली. तीनच दिवसांनी, २४ जुलैस, राजस्थान विधानसभेने प्लॅटफॉर्मवरील गिग कामगारांसाठी देशातील पहिला स्वतंत्र कायदा मंजूर केला. कामगारांची नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, आणि ज्यात कामगारांचे प्रतिनिधी बसतील असे मंडळ, ही त्याची मुख्य अंगे. या कायद्यामागे ॲपवर काम करणाऱ्या वाहनचालकांच्या संघटना आणि जनसुनावणीची जुनी परंपरा असलेली मजदूर किसान शक्ती संघटन यांचा पाठपुरावा होता. सत्ताबदलानंतर अंमलबजावणी रेंगाळली, हे खरे. तरी इंदूरच्या धोरणपत्राशेजारी तो कायदा ठेवून वाचला तर फरक चटकन ध्यानात येतो. धोरणपत्रात कामगार हा ज्याच्यासाठी काहीतरी करावयाचे असा आहे. कायद्यात तो मंडळाचा सभासद आहे.

केंद्र सरकारच्या पातळीवर चित्र उत्साहजनक नाही. त्रिपक्षीय सल्लामसलतीच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९७८ मध्ये मान्यता दिलेली आहे. सरकार, मालक व कामगार यांना एकत्र बसविणारी भारतीय श्रम परिषद मात्र २० व २१ जुलै २०१५ रोजी भरली त्यानंतर जी-२० चे मंत्री इंदुरात जमेपर्यंत पुन्हा भरलेली नव्हती. योगायोग असा की त्यांच्या बैठकीच्या तारखाही २० व २१ जुलै याच होत्या. मध्ये बरोबर आठ वर्षे गेली. गिग कामगाराची व्याख्या प्रथमच करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची; ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. देशातली सभा न बोलावता परदेशी पाहुण्यांची सभा थाटात पार पाडणे याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांस ठाऊक आहे.

दरम्यान जिनिव्हात काम पुढे गेले. जून २०२५ च्या परिषदेत प्लॅटफॉर्मवरील कामासाठी करार व त्यासोबत शिफारस अशी दोन्ही करावीत असे ठरले, आणि दुसरी चर्चा २०२६ च्या अधिवेशनासाठी ठेवण्यात आली. अशा मसुद्यांवर श्रम संघटना सरकारांकडे प्रश्नावली पाठविते आणि सरकारने कामगार व मालक संघटनांशी विचारविनिमय करून उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. जोशींच्या खुर्चीचा वारसा तो हाच. प्रश्नावली दिल्लीला येते. तेथून ती केंद्रीय संघटनांपर्यंत जाते. डबे पोहोचविणाऱ्या ज्या मुलांची कोणतीच संघटना नाही त्यांच्यापर्यंत ती जात नाही. १९१९ मधील ‘अशा संघटना असल्यास’ ही पुस्ती त्यांच्याबाबतीत अजून लागू आहे.

महाविद्यालयांनी येथे काय करावे, याची मोठी योजना मांडण्याचे प्रयोजन नाही. जी-२० च्या वर्षी स्पर्धांसाठी जेवढे तास दिले गेले त्यांपैकी दोन तास इंदूरच्या गिग कामगारविषयक धोरणपत्राचे हिंदी, उर्दू व मराठीत सार करून वाचण्यास दिले असते, आणि वर्गातील जी मुले हे काम करतात त्यांना त्यावर बोलू दिले असते, तर दोन पानांचे एक टिपण तयार झाले असते. अपघात झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण देतो, गुणांकन घसरल्यावर खाते बंद होते तेव्हा दाद कोठे मागायची, पेट्रोलचे पैसे धरून दिवसाकाठी हातात काय उरते, या गोष्टी त्या टिपणात आल्या असत्या. भाषांचे अध्यापक, अर्थशास्त्राचे अध्यापक आणि ग्रंथपाल यांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे, आणि प्लॅटफॉर्मवरील कामाविषयीच्या जिनिव्हाच्या मसुद्यावरही ते करता येते. टिपण राज्याच्या श्रम आयुक्तांकडे, एखाद्या संघटनेकडे आणि खासदारांकडे पाठविता येते, आणि पोच मागता येते.